शून्यावर आलेला काटा

१

दिनांक १९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी सव्वाआठ वाजता, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कुंडल गावाच्या पश्चिमेकडील माळावर, कृष्णाखोरे उड्डाण मंडळाच्या पत्र्याच्या हँगरमध्ये मंडळाचे एकुलते एक विमान नाक जमिनीला टेकवून उभे असलेले आढळले. पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता आणि पंख्याच्या एका पात्याचे टोक उडाले होते. कुलूप शाबूत होते. आदल्या संध्याकाळी विमान धडधाकट आत ठेवले गेले, असे नोंदवही म्हणत होती. ती शेवटची नोंद सृष्टी लाड हिच्या हातची होती : 'एकटी, चाळीस मिनिटे, सर्व ठीक.'

हे विमान दोन आसनांचे आणि इतके हलके, की शेपटीकडून दाब देऊन एकटा माणूसही ते मागे ओढत नेऊ शकतो. त्यामुळे ते मोडल्यावर आत आणण्यास एकच माणूस पुरेसा होता. प्रश्न एवढाच होता, की तो माणूस कोण.

किल्ली पाच जणांकडे होती. त्यांपैकी मंडळाच्या सचिव संयोगिताबाई थोरात यांनी विमानतळांच्या नियंत्रण मनोऱ्यांवर तीस वर्षे इतरांची विमाने उतरवली होती, पण स्वतः एकदाही विमान हाती धरले नव्हते. उरले चौघे. हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर लालासाहेब डुबल यांनी मंडळात अनेक वर्षे शिकवले. गेल्या वर्षी हृदयाच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी त्यांना उडण्यास बंदी केली. मेजर शंभूराज महाडिक यांनी सैन्यात हेलिकॉप्टरे उडवली होती. श्रेणिक मगदूम हे सांगलीचे हळदीचे व्यापारी. फिलिपिन्समध्ये जाऊन हौसेने परवाना काढून आलेले. आणि चौथी सृष्टी, एका सुभेदाराची एकवीस वर्षांची मुलगी, अजून शिकाऊ, पण नुकतीच एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी निवडली गेलेली.

"सरळ हाय की," श्रेणिक म्हणाले. "शेवटचं कुणी उडवलं? सृष्टीनं. आन ते उजव्या सीटचे पट्टे बघा, उघडे लोंबत्यात. पोरीनं कुणाला तरी शेजारी बसवून फिरवलं, वजन झेपलं न्हाई, आपटलं."

"मी कुणालाही बसवलं नव्हतं, काका," सृष्टी म्हणाली. "मी एकटीच होते."

"मग पट्टे काय वाऱ्यानं सुटले?"

 शिकाऊ वैमानिकाने प्रवासी नेणे हा मंडळाच्या दृष्टीने अक्षम्य अपराध. आणि नेमक्या त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या आत तिच्या वर्तनाविषयीचे पत्र संयोगिताबाईंनी प्रशिक्षण संस्थेला पाठवायचे होते. पत्र गेले नाही तर शिष्यवृत्तीची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला मिळणार होती.

"पत्र न पाठवून मी तिचं नुकसान करणार नाही," संयोगिताबाई म्हणाल्या, "आणि खोटं पत्रही पाठवणार नाही. पाच वाजेपर्यंत मला खरं काय ते कळलं पाहिजे. मी जोतिबांना बोलावते."

साडेनऊला मंडळी माळाच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात चहाला गेली. "तुम्ही जा, मी इथं बसतो," असे म्हणून लालासाहेबांनी विमानापाशी खुर्ची ओढली.

२

जोतिबा मोकाशी यांची चौतीस वर्षे कोयनानगरच्या भूकंपमापन केंद्रात गेली होती. कागदावरच्या थरथरत्या रेषेकडे पाहून, धक्का किती लांब बसला आणि कधी, हे सांगणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते मंडळाची हवामानवही ठेवत. विमानात बसण्याचे आमंत्रण मात्र त्यांनी दर वेळी नाकारले होते. "आयुष्यभर धरणी हललेली बघितली," ते म्हणत, "आता अधांतरी कशाला जाऊ?"

साडेदहाला ते आले. कोणालाही काही न विचारता त्यांनी विमानात डोके घातले आणि वहीत बरेच काही उतरवून घेतले. नंतर त्यांनी सृष्टीला हाक मारली.

"काल तू कुठं बसली होतीस, बाळ?"

"डावीकडे. वैमानिक डावीकडंच बसतो, आण्णा."

"आणि उजवे पट्टे?"

"बांधलेले. एकट्यानं उडायचं तर रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधायचे, हे डुबल सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. नाहीतर ते लोंबून विमान चालवायच्या दांड्यात अडकतात. उतरल्यावर आपले सोडायचे, शेजारचे तसेच राहू द्यायचे."

"म्हणजे तू उतरलीस तेव्हा डावे उघडे, उजवे बांधलेले."

"हो."

"आता बघ."

सृष्टीने पाहिले, आणि तिच्या मागे उभे असलेल्या सर्वांनी पाहिले. सकाळपासून प्रत्येकाची नजर उजवीकडच्या लोंबत्या पट्ट्यांवर खिळली होती. डावीकडे कोणी पाहिलेच नव्हते. डाव्या आसनाचे पट्टे घट्ट आवळून बांधलेले होते. त्यांच्याखाली सृष्टीची निळी उशी दबली होती. तिची उंची कमी. पाठीशी ती उशी घेतल्याशिवाय तिचे पाय पायट्यांपर्यंत पोहोचत नसत.

"प्रवासी नेला असता तर दोन्ही पट्टे उघडे मिळाले असते," जोतिबा शांतपणे म्हणाले. "आणि तो लपवायचा असता, तर जे उघडे दिसताहेत तेच आधी बांधले असते. इथं डावी जागा रिकामी ठेवून, नियमाप्रमाणं बांधून, कुणीतरी एकट्यानं उजवीकडून विमान उडवलंय. सृष्टीची उशी रिकाम्या जागेत बांधलेली आहे. उशीशिवाय ती उजवीकडून काय उडवणार?"

"उजवीकडून?" श्रेणिक म्हणाले. "एकटा माणूस उजवीकडं कशाला बसंल?"

"मलाही तेच कळत नाही," जोतिबा म्हणाले. "म्हणूनच बघायला पाहिजे."

३

पहिली पाळी श्रेणिक मगदुमांची आली.

"सकाळी तुम्ही कुठं होता?"

"आमच्या जैन बस्तीत. रविवारचा अभिषेक असतोय. विचारा उपाध्यांना. पण जोतिबा, मी असा चोरून उडंन का? माझे नव्वद तास झालेत, सगळे डावीकडनं. उजवीकडं बसलो तर डाव्या हातानं जेवल्यागत वाटतंय."

"एक उपकार करा. त्या उजव्या जागेत बसा. पट्टे सैल-घट्ट न करता, आहेत तसेच लावून बघा."

श्रेणिक चढले. पट्ट्याची दोन टोके त्यांच्या पोटावर एकमेकांकडे निघाली आणि चार बोटांचे अंतर राखून थांबली.

"आवं, श्वास सोडा की जरा," शंभूराज हसू दाबत म्हणाले.

"सोडलाय! आता जीवच सोडायचा राहिला!"

"उतरा," जोतिबा म्हणाले. "तुमच्या बायकोनं जेवणावर कितीही बंधनं घातली, तरी आज त्या पोटानं तुम्हाला वाचवलं."

जो कोणी उडाला होता तो अंगाने सडपातळ होता. लालासाहेब आणि शंभूराज, दोघेही काटक.

शंभूराज कार्यालयात बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर मंडळींची जुनी छायाचित्रे होती. एकात बर्फाच्या रांगांसमोर उभे असलेले हेलिकॉप्टर, आणि त्याच्या काचेआडून उजव्या बाजूने हात उंचावणारा तरुण शंभूराज.

"वीस हजार फुटांवर उतरवलंय मी," त्यांनी जोतिबांची नजर टिपत म्हटले. "आणि इथं संयोगिताबाई सांगत्यात, विमानाच्या परवान्यासाठी आधी दहा लँडिंग इन्स्ट्रक्टरसोबत करा. या पतंगावर! ठीक हाय, ऑर्डर इज ऑर्डर."

"केली किती?"

"तीन."

"आज सकाळी?"

"सकाळी घरी होतो. चहा पीत."

"कुणी बघितलं?"

"बायको माहेरी गेलीय, शिरवळला. कुत्र्यानं बघितलं."

"कुत्र्याची साक्ष कोर्टात चालत नाही, मेजर."

"मग मला फाशी द्या," शंभूराज म्हणाले. 

४

धावपट्टीच्या बांधाला लागून रंगूबाईंचे शेत होते. ऊस तुटून गेला होता आणि जोतिबा तिथे पोहोचले तेव्हा त्या पाचट गोळा करीत होत्या.

"व्हय, आज सकाळी बघितलं की," त्यांनी कंबर सरळ करीत सांगितले. "उन्हं नुकती डोंगरावर आलीवती. इमान वर गेलं, एक घिरटी मारली, आन खाली आलं."

"कोण होतं आत?"

"आता काच चमकतीया, मला काय दिसायचं? पर उतरायची तऱ्हा लय इचित्र, दादा. रोज इमान कसं, पळत पळत येतंय आन भुईला लागतंय, बगळा तळ्यावर बसतो तसं. हे न्हाई. हे माणूसभर उंचीवर आलं आन थांबल्यागत झालं. मी म्हटलं, ह्याला काय इसरलं का काय? तवर धपकन खाली बसलं. नाकावरच. लय आवाज झाला."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? माझं काय इमान हाय व्हय?"

जोतिबांनी हे शब्दन् शब्द उतरवून घेतले. सूर्य डोंगरावर म्हणजे सात वाजून काही मिनिटे. त्यांचा अंदाज खरा ठरला : विमान मोडले ते उड्डाण शनिवारी सायंकाळी नव्हे, रविवारी सकाळीच झाले होते.

परत येताच त्यांनी सृष्टीला आणखी एक प्रश्न विचारला.

"उंचीचा काटा तुम्ही उडण्यापूर्वी कुठं ठेवता?"

"एकोणीसशेवर. आपला माळ समुद्रसपाटीपासून एकोणीसशे फूट उंच आहे. खुंटी फिरवून काटा तिथं आणायचा. सगळे तेच करतात." ती थोडी अडखळली. "डुबल सर सोडून."

"ते काय करतात?"

"ते जमिनीवर शून्य ठेवतात. हवाई दलात त्यांच्या वेळी तशी पद्धत होती म्हणतात. किती वर आलो ते जमिनीपासूनच दिसतं."

जोतिबांनी वही उघडली. साडेदहाला त्यांनी पाहिलेल्या त्या काट्यापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : शून्य.

५

कार्यालयात सर्व जण जमले तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. जोतिबांनी पट्ट्यांचे, पोटाचे आणि रंगूबाईंच्या साक्षीचे सर्व सांगितले. काट्याचा उल्लेख त्यांच्या ओठांवर यायच्या आत लालासाहेब उठून उभे राहिले.

"पुरे झालं, जोतिबा. उगाच सगळ्यांना ताटकळत ठेवू नका. मी उडवलं."

"सर!" सृष्टी ओरडली.

"तू गप्प बस. वीस वर्षं मी शिकवायला उजवीकडं बसलो. माझी बैठकच ती. डॉक्टरांनी बंदी केल्यापासून झोप लागत नव्हती. आज पहाटे राहवलं नाही. उतरताना हात चुकला. काटा बघा, शून्यावर आहे. या मंडळात तो शून्यावर कोण ठेवतं, हे पोरंसोरंसुद्धा सांगतील. बाई, माझं सभासदत्व रद्द करा आणि पोरीचं पत्र पाठवा."

संयोगिताबाईंनी चष्मा काढला. चाळीस वर्षांची ओळख.  सर्व धागे जुळत होते : उजवी जागा, सडपातळ अंग, शून्यावरचा काटा, आणि आता कबुली. शंभूराज खिडकीबाहेर पाहत होते.

"मग मी पत्र लिहू?" संयोगिताबाई अखेर म्हणाल्या.

"लिहा," जोतिबा म्हणाले. "पण गुन्हेगाराचं नाव अजून लिहू नका. विंग कमांडर खोटं बोलताहेत."

६

कार्यालयाच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत एक गोल डबा संथपणे फिरत होता. त्याच्यावर गुंडाळलेल्या कागदावर एक लेखणी निळी रेषा ओढीत होती. हवेचा दाब नोंदवणारे ते यंत्र जोतिबांनीच मंडळाला दिले होते, आणि त्याचा कागद दर सोमवारी तेच बदलत. आता त्यांनी पेटी उघडली.

"हवा वरखाली होते," ते म्हणाले, "आणि आपल्या भागात ती जवळजवळ वेळापत्रकानंच होते. पहाटे दाब उतरलेला असतो. मग तो चढत जातो आणि सकाळी दहाच्या सुमारास शिगेला पोहोचतो. ही बघा आजची रेषा. सात वाजता नऊशे सत्तेचाळीस मिलिबार. दहा वाजता नऊशे एकोणपन्नास."

"दोन आकड्यांनी काय होतं?" श्रेणिकांनी विचारले.

"एका आकड्याला उंचीच्या काट्यावर साधारण अठ्ठावीस फूट लागतात. म्हणजे दोनाला पन्नासच्या वर. उंचीचा काटा उंची मोजत नाही, मगदूम. तो दाब मोजतो आणि उंचीच्या नावानं सांगतो. विमान जागचं न हलताही काटा हलतो. सात वाजता कुणी तो शून्यावर आणला असता, तर साडेदहाला मी बघितला तेव्हा तो शून्याच्या खाली पन्नास फूट दाखवायला हवा होता. तो नेमका शून्यावर होता. आणि खुंटीशेजारच्या लहान खिडकीत, काटा कोणत्या दाबाला लावला ते दिसतं, तिथं आकडा होता नऊशे एकोणपन्नास."

लालासाहेब हळूच खाली बसले.

"म्हणजे काटा शून्यावर आणला तो दहाच्या आसपास," जोतिबा म्हणाले. "अपघात उघड झाला सव्वाआठला. साडेनऊला सगळे इथं चहाला आले, आणि विमानापाशी एकच माणूस राहिला."

"पण," संयोगिताबाईंनी त्यांना अडवले; तर्क अर्धा सोडणे त्यांना मान्य नव्हते. "सातला त्यांनीच उडवलं आणि नंतर बसल्या बसल्या पुन्हा काटा सारखा केला, असं का नसेल? जुनी सवय आहे."

"उत्तम प्रश्न. पण ते सातला उडाले असते, तर काटा त्यांनी सातलाच शून्य केला असता, आणि दहाला तो शून्याच्या जवळच असता. ज्याला कबुलीच द्यायची आहे, त्याला तेवढा पुरावा पुरे होता. पुरावा बनवावा लागला, याचा अर्थ तो आधी नव्हता. उडणाऱ्यानं काट्याला हातच लावला नव्हता. सृष्टीनं सोडला तसाच तो एकोणीसशेच्या आसपास राहिला होता. विंग कमांडरांनी पट्टे बघितले, उजवीकडून कोण उडालं असेल ते ओळखलं, आणि पोरीला सोडवण्यासाठी काटा आपल्या नावावर करून घेतला. खुंटी फिरवताना खिडकीतला आकडा बघायचं राहून गेलं. चाळीस वर्षं काटा शून्यावर आणणारा हात. सवय घड्याळ बघत नाही."

 जोतिबा पुढे म्हणाले,

"उजवीकडं बसायची सवय या मंडळात दोघांनाच आहे. एक शिकवणारा. दुसरा हेलिकॉप्टरवाला, हेलिकॉप्टरात मुख्य वैमानिक उजवीकडं बसतो, भिंतीवर बघा. रंगूबाईंनी विमान पुन्हा पुन्हा उतरताना बघितलंय. आजचं माणूसभर उंचीवर थांबल्यासारखं झालं, असं त्या म्हणतात. विमानाला हवेत थांबता येत नाही. थांबवू पाहणारा माणूस एकच असतो : ज्याला आयुष्यभर जमिनीजवळ आल्यावर थांबायची आणि मग हळूच टेकायची सवय आहे. वेग गेला, पंखांनी धरणं सोडलं, आणि विमान धपकन बसलं."

शंभूराजांनी खिडकीकडून तोंड वळवले नाही.

"मेजर," लालासाहेब म्हणाले, "तू बोलू नकोस. पुढच्या महिन्यात तुझी नोकरी आहे. हवाई रुग्णवाहिकेची. मला काय, व्हरांड्यातली खुर्ची तर कुणी काढून घेणार नाही."

"तुम्ही का बोललात सर?" सृष्टीने विचारले. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी, त्याच्यासाठी. म्हाताऱ्यानं एकाच दगडात दोन पोरं वाचवली असती. या कोयनेच्या माणसानं घोळ केला."

"घोळ मी केला," शंभूराज अखेर वळले.  "सकाळी वाटलं, दहा लँडिंग कसली? एक करून बघू, मग बाईंना सांगू, पोरासारखं हात धरून शिकवू नका. खाली येताना सगळं बरोबर होतं. आणि शेवटी हातानं आपलं जुनंच केलं. थांबवायला गेलो. ते खेळणं थांबत न्हाई." त्यांनी लालासाहेबांकडे पाहिले. "मी सांगणार होतो, सर. सकाळी जमलं न्हाई, पण आता इथं. मग तुमी उठलात, आन मी गप्प बसलो. ते जास्त वाईट हाय, मला म्हाईत हाय."

"व्हय," श्रेणिक म्हणाले. "आन मी पोरीवर आळ घेतला, ते बी काय कमी न्हाई." ते सृष्टीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. सृष्टीने मान हलवली. ती क्षमा होती की नुसती पोच, हे सांगता आले नसते.

संयोगिताबाई टेबलाशी गेल्या आणि संगणकासमोर बसल्या. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यांनी आधी पत्र पूर्ण केले, पुन्हा वाचले, पाठवले. मग खुर्ची वळवली आणि मनोऱ्यावरून सूचना द्यावी तशा, कोणाकडेही विशेष न पाहता, बोलल्या :

"सृष्टी लाड निर्दोष आहे, तिचं पत्र गेलं. विमान मेजर महाडिकांनी परवानगीशिवाय उडवलं आणि मोडलं. त्यांना सहा महिने उड्डाण बंद, आणि कारण मी त्यांच्या नव्या कंपनीला आजच लेखी कळवणार. विंग कमांडर डुबल यांनी पुरावा बदलला. त्यांनी हँगरची किल्ली टेबलावर ठेवावी."